जिन्याखालची झिणाई

"लागला मा गो?"

हा आवाज कालिंदीच्या कानातून कधी गेलाच नाही. गंगुबाईचा, तिच्या सासूचा. विचारणारी केव्हाच देवाघरी गेली, पण प्रश्न मागे राहिला. भांडी घासताना, मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढताना, कधी नुसतीच खिडकीत बसलेली असताना तो यायचा आणि मांजरासारखा पायाशी अंग टाकायचा. लागलं ना गं, एवढंच गंगुबाईला विचारायचं होतं. एवढ्याशा प्रश्नाचं खरं उत्तर कालिंदीने आजपर्यंत कुणालाही दिलेलं नव्हतं.

प्रश्न विचारला गेला तो तिच्या लग्नाच्या दिवशी. लालबागची रामजी चाळ, तळमजल्याचा जिना, जिन्याखाली कोनाडा, कोनाड्यात देवी, देवीपुढे पितळी कठडा, कठड्यापुढे पाट आणि पाटावर हिरव्या शालूतली कालिंदी. चाळीची रीतच होती. नवी सून घराचा उंबरा ओलांडण्याआधी जिन्याखाली यायची, कठड्याला हात लावायची आणि झिणाई तिला प्रचीती द्यायची. हाताला झिणझिण्या आल्या की सून देवीच्या पसंतीला उतरली. म्हणून तर देवीचं नाव झिणाई.

कालिंदीने हात लावला. पितळ थंड होतं. बाकी काही नाही.

गंगुबाईने विचारलं. कालिंदीने कठडा आणखी घट्ट धरला. सकाळच्या नळाच्या बादलीसारखं गार पितळ, बस. भोवती चाळीतल्या सगळ्या बायका गळ्यातली मंगळसूत्रं सावरत, श्वास धरून बघत होत्या. गंगुबाईने पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिच्या आवाजाला जराशी धार होती. तेव्हा कालिंदीने चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि म्हणाली, लागलं.

मग काय, हळदकुंकू उधळलं गेलं. गंगुबाईने तिथल्या तिथे ओवी धरली, तिला ओवी सुचायला पाणी पिण्याएवढाही वेळ लागत नसे:

*माझ्या गो झिणाईचा, जिन्याखाली दरबार*
*हात लावता सुनेचा, बोटी उठे झणकार*

झणकार उठला नव्हता, हे फक्त दोघींना माहीत होतं. एक कालिंदी, दुसरी देवी. कालिंदीने माप ओलांडलं, तांदूळ घरभर सांडले आणि त्या तांदळांबरोबर एक गोष्ट कायमची घरात आली: देवीने आपल्याला घेतलं नाही.

पुढे संसार झाला, मुलगा झाला, नवरा गेला. एवढ्या काळात कालिंदीने कठड्याला पुन्हा बोट लावलं नाही. परत लावलं आणि परत काहीच लागलं नाही तर? एकदा नाकारलेल्या माणसाने त्याच दारावर किती वेळा थाप मारावी. दिवा ती लांबूनच लावायची. कठडा पुसायचा तर सुक्या फडक्याला काठी बांधून पुसायची. बायका एकमेकींना सांगायच्या, बघा, याला म्हणतात सोवळं. गंगुबाई गेल्यावर झिणाईच्या पूजेचा मान आपसूक कालिंदीकडे आला. ज्या बाईने देवीला कधी हात लावला नाही, तिच्याइतकी देवीच्या जवळची चाळीत दुसरी कुणी नाही, असं ठरून गेलं.

आता झिणाई प्रकटली कशी, तेही सांगायला हवं.

मुळात जिन्याखाली चाळीचा मीटरबोर्ड होता आणि लोक तिथे पान खाऊन थुंकायचे. थुंकू नका असं लिहिलं, तर लोक त्या अक्षरांवर थुंकले. तेव्हा कुणीतरी शहाण्याने देवीच्या चित्राची फरशी आणून बोर्डाशेजारी बसवली. थुंकणं थांबलं. मग फरशीला हार आला, हारामागून समई आली, समईमागून दिव्यांची माळ आली आणि माळेसाठी बोर्डातूनच एक वायर ओढून भिंतीत गाडली गेली. शेवटी देवीला गर्दीचा धक्का लागू नये म्हणून पितळी कठडा आला. कठड्याचा लांबलचक खिळा भिंतीत ठोकला, त्याच संध्याकाळी ओल्या केसांनी, अनवाणी पायांनी पाणी भरून येणाऱ्या गंगुबाईला पहिली प्रचीती आली. खिळा ठोकल्याच्या दिवशीच देवी जागृत झाली, हे चाळीतल्या प्रत्येकाला आठवत होतं. त्यातून कुणी काही अर्थ काढला नाही, एवढंच. अर्थ काढायला माणसाला चपला घालून उभं राहावं लागतं, आणि देवीपुढे चपला घालून कोण उभं राहील?

झिणाईची कीर्ती हिंदमातापर्यंत पोचली. साड्यांच्या दुकानातल्या मुली हाताला गुण यावा म्हणून येऊ लागल्या. संधिवाताची माणसं येऊ लागली, आणि त्यांना बरं वाटायचंही, निदान कठडा सोडल्यावर तरी.

गेल्या वर्षी मात्र सरकारी इन्स्पेक्टर आला. त्याला प्रचीतीत रस नव्हता. त्याने बोर्ड उघडला, आत बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला. चिनीमातीच्या फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार असायला हवी, तिथे रघुवीरभाऊंनी, सारखी जाते म्हणून, शिकेकाईच्या शेंगेएवढ्या जाडीची घातली होती. इन्स्पेक्टरने नोटीस दिली. बोर्डासमोरची जागा मोकळी हवी, पायाखाली रबरी मॅट हवी, वाळूच्या लाल बादल्या हव्यात, धोक्याची पाटी हवी, विजेचा धक्का बसलेल्या माणसावर काय उपचार करावेत त्याचा तक्ता हवा. बोर्डाला अर्थिंग हवं, म्हणजे गळणारी वीज माणसाच्या अंगातून न जाता तारेवाटे थेट जमिनीत जाईल. आणि ईएलसीबी हवी, म्हणजे वीज कुठे गळली की क्षणात लाईन आपोआप बंद करणारं बटण.

रघुवीरभाऊ चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. बँकेतून साहेब होऊन निवृत्त झालेला माणूस, सरकारी कागदाचा मान राखणारा. त्यांनी नोटिशीतला शब्द न् शब्द पाळला. वाळूच्या बादल्या आल्या आणि नवरात्रात त्यांतली वाळू घटाच्या मातीत मिसळून गेली, धान्य काय तरारून आलं. रबरी मॅट आली, ती कॅरमच्या टेबलाखाली गेली. धोक्याची पाटी आली. तिच्यावरच्या कवटीला पहिल्याच मंगळवारी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं आणि तो झिणाईचा राखणदार झाला. उपचाराच्या तक्त्यात एक माणूस दुसऱ्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून वाकलेला दाखवला होता. तक्ता फ्रेम करून लावला आणि त्यालाही हार घातला. बघणाऱ्याला वाटावं, चाळीचे कुणी पूर्वज असतील.

ईएलसीबीसुद्धा बसवली. आणि ती इमानी निघाली. पहिल्याच आरतीला पद्मजाने कठडा धरला मात्र, खट्ट, दिवे गेले. पद्मजा म्हणजे तिसऱ्या खोलीतली, देवीची सगळ्यांत कडक भक्त. ती म्हणाली, आईने नजर झाकून घेतली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी हात लावला, परत खट्ट. चाळ भारावून गेली. भारावलेपण क्रिकेटच्या मॅचपर्यंत टिकलं. शेवटच्या षटकात टीव्ही बंद पडला तेव्हा रघुवीरभाऊ स्वतः खाली आले आणि वायरमनला बोलावून त्या बटणाला बाहेरूनच वायर जोडून घेतली, म्हणजे बटण काही म्हणो, वीज आपल्या वाटेने जात राहील. बटण मात्र काढलं नाही. नोटिशीत हवं म्हटलंय ना, मग असू दे. त्यालाही हार घातला.

अर्थिंग राहिलं. त्याला खणावं लागतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप फुटला. पाणी भिंतीतून ठिबकत खाली आलं आणि देवीच्या पाठीशी ओल धरली. झिणझिण्या आधी मनगटापर्यंत यायच्या, त्या कोपरापर्यंत येऊ लागल्या. एका मंगळवारी पद्मजा कठड्यावरून फेकली गेली आणि बादलीवर जाऊन आदळली. चाळीचं म्हणणं पडलं, आईचा प्रभाव वाढतोय. पाइप दुरुस्त करावा का यावर मतभेद झाले.

मग ते मांजर. सगळ्यांच्या घरचं आणि कुणाचंच नाही, असं एक पांढरं मांजर होतं. कालिंदी त्याला बोंबलाची डोकी घालायची. एका सकाळी ते कठड्याशी, ओल्या लादीवर, चारी पाय ताठ करून पडलेलं दिसलं. मिशीला पेढ्याचा कण चिकटलेला होता. कमिटीने निष्कर्ष काढला की मांजराने नैवेद्याला तोंड लावलं आणि आईने शिक्षा केली. कालिंदीने त्याला जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलं. तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं की ज्या आईचं पोट पेढ्याएवढ्या चोरीने दुखतं, ती आई नसावी.

हे सगळं असं असताना शंतनूचं लग्न ठरलं. शंतनू कालिंदीचा एकुलता एक. मुलगी दादरची, आकांक्षा नाव, विमा कंपनीत नोकरीला. लोकांना मरणाची भीती घालून पॉलिसी विकणारी, पण गोड पोरगी. तिला झिणाईच्या रिवाजाचं भारी कुतूहल. तिने फोनवर कालिंदीला विचारलं होतं, लागतं म्हणजे नेमकं काय होतं हो आई? कालिंदीने दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

लग्नाच्या रोषणाईसाठी शंतनूने वायरमन हितेंद्रला बोलावलं. हा तोच, रघुवीरभाऊंच्या सांगण्यावरून बटणाला वायर जोडून गेलेला. त्याने बोर्ड उघडला, कठड्याला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा असा पेटला की समईनेही मान खाली घालावी.

हितेंद्रने कालिंदीकडे लाकडाचं काहीतरी मागितलं, उभं राहायला. बोर्डाखाली एक जुना पाट उभा करून ठेवलेला होता. नक्षीचा, पितळी फुल्यांचा. चाळीत आलेली प्रत्येक सून याच पाटावर उभी राहिली होती. यंदा कुणा देणगीदाराने स्टीलचा चौरंग दिला, त्यावर त्याचं नाव कोरलेलं, म्हणून पाट निवृत्त झाला होता. कालिंदीने तो काढून दिला. हितेंद्र त्यावर चढला, बोर्डात हात घातला आणि तोल सांभाळायला दुसऱ्या हाताने सरळ कठडा धरला.

कालिंदी त्याला मागे ओढायला पुढे झाली. हितेंद्र मात्र तोंडाने गाणं गुणगुणत होता. त्याने तिचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "काही होत नाही, काकी. सुक्या लाकडावर उभं राहिलं की लागत नाही. खाली जायला वाट नसली की ती माणसाला सोडून देते."

कालिंदीने विचारलं, कधीच लागत नाही? तो म्हणाला, लाकूड सुकं असेल तर नाहीच. मग त्याने हातातलं काम थांबवलं आणि जरा ओशाळून सांगितलं की बटणाला वायर त्यानेच मारली होती, तेव्हा भिंत सुकी होती, आता तसं नाही. आता ओल्या पायाने कुणी हा कठडा धरला तर हात सुटायचा नाही. मांजराचं त्याने ऐकलं होतं. कालिंदीने सांगितलं, मग आत्ता काढ ती वायर, आत्ता अर्थिंग कर. पण मेन बंद करायची, खणायचं, तर कमिटीची परवानगी लागते, आणि परवानगी म्हणजे रघुवीरभाऊ.

तो गेल्यावर कालिंदी पाट मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. पाटाच्या पितळी फुल्यांवरून बोट फिरवत राहिली. एवढासा पाट. आयुष्यभर तिला वाटत आलं की देवीने तोंड फिरवलं, आणि मध्ये होता तो हा, मान म्हणून पायाखाली दिलेला लाकडाचा तुकडा. रडावं की हसावं ते कळेना. मग गंगुबाईच्या चालीत तिच्या ओठांशी आपोआप आलं:

*पाटाच्या गो लाकडानं, अडवली माझी वाट*
*आई उभी पलीकडं, अलीकडं माझा हात*

आणि मग दुसरा विचार आला, आणि ती ताठ बसली. पाट सगळ्यांनाच होता. पद्मजाला होता. तिच्या आधीच्या, तिच्या नंतरच्या, सगळ्या जणींच्या पायाखाली हेच लाकूड होतं. मग त्या सगळ्यांना काय लागलं होतं?

उत्तर तिला माहीत होतं. त्या दुसऱ्या दिवशी पाणी भरून आल्या असतील, अनवाणी, ओल्या पायाने. सहज हात लागला असेल आणि देवीने उशिरा का होईना हाक दिली असेल. सुटल्या बिचाऱ्या. खोटं खरं झालं आणि विसरूनही गेल्या. दारावर दुसऱ्यांदा थाप मारायला भ्यालेली तेवढी एकटी कालिंदीच.

शंतनूच्या लग्नात मात्र पाट नव्हता. स्टीलचा चौरंग होता, आणि रघुवीरभाऊंनी कार्यक्रमात भर घातली होती: चौरंगावर कुंकवाच्या पाण्याचं ताट, त्यात सुनेने पावलं बुडवून उभं राहायचं आणि मग कठडा धरायचा. व्हिडिओत छान दिसतं. नव्या रिवाजाची पहिली मानकरी आकांक्षा.

कालिंदी रघुवीरभाऊंकडे गेली. ते पेपर वाचत होते. तिने अर्थिंगचं काढलं. त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, परत घातला आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. "वहिनी, अर्थिंग म्हणजे काय? शक्ती जमिनीत सोडून द्यायची. उद्या कठड्याला हात लावला आणि काहीच लागलं नाही, तर लोक काय म्हणतील? आई गेली म्हणतील. तुमच्या सासूबाईंनी जागवलेली आई तुमच्या हातून गेली म्हणतील." मग तिचा आग्रह पाहून त्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली, कारण ते लोकशाही मानत.

मीटिंग देवीसमोरच झाली. सगळे एकदम बोलले आणि कुणीच पाइपबद्दल बोललं नाही. एकाने विचारलं, अर्थिंग केल्यावर थोडी तरी शक्ती शिल्लक ठेवता येईल का, मंगळवारपुरती? कालिंदी म्हणाली, कुणाचा तरी जीव जाईल. पद्मजा म्हणाली, आपल्या लग्नात झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या होत्या, गेला का जीव? असं म्हणताना पद्मजाने खाली लादीकडे बघितलं. कालिंदीने ते टिपलं. त्याच वेळी बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण समोर फरशीतली देवी, भिंतीवर गंगुबाईचा फोटो, आणि पूजेची मानकरी म्हणून पहिल्या रांगेत बसवलेली ती. मानाच्या जागेवरून उठून मी खोटं बोलले असं सांगायला मान जागा देत नाही.

शेवटी कोकणी माणसांनी कोकणी मार्ग काढला. कौल लावायचं ठरलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या: उजवी पडली तर अर्थिंग, डावी पडली तर नाही. रघुवीरभाऊंना उकडत होतं म्हणून टेबलफॅन डाव्या अंगाला लावलेला होता. डावी पाकळी पडली. देवीने स्वतःच्या विरोधातला ठराव असा आवाजी मतदानाविना फेटाळून लावला.

कालिंदीने शंतनूला गाठलं. हा विधी नको म्हणाली. तो म्हणाला, आई, व्हिडिओवाल्याला ॲडव्हान्स दिलाय, आणि जरा झिणझिणतं त्याचं काय एवढं, तूच तर पूजा करतेस.

लग्न लागलं. संध्याकाळी नवरानवरी वाजतगाजत चाळीत आली. गॅलऱ्या माणसांनी लवल्या होत्या. जिन्याखाली हितेंद्रने लावलेल्या माळा लुकलुकत होत्या, राखणदार कवटीला नवा गजरा होता. रघुवीरभाऊंच्या हातात माइक होता आणि ते झिणाईचा इतिहास सांगत होते, खिळा वगळून. भिंतीवरची ओल देवीच्या कपाळापर्यंत चढली होती.

कालिंदीने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. पदराआडून जुना पाट पुढे केला, म्हणाली, यावर उभी करू या ना, सासूबाईंच्या वेळचा आहे. रघुवीरभाऊंनी माइक बाजूला धरून सांगितलं, देणगीदार समोर बसलेत, वहिनी. आकांक्षाने पैंजण वर सरकवून कुंकवाच्या पाण्यात पावलं ठेवली. लाल पाणी तिच्या बोटांमधून वर आलं. व्हिडिओवाल्याने झगझगीत दिवा तिच्या चेहऱ्यावर धरला. ती हसत होती. तिचा हात मेंदीने भरलेला होता आणि तो कठड्याच्या दिशेने निघाला होता.

रघुवीरभाऊ म्हणाले, चला वहिनी, विचारा. कारण आता सासू कालिंदी होती. तो प्रश्न आता तिचा होता. साऱ्या चाळीने श्वास धरला, तेव्हाही असाच धरला होता.

कालिंदीने पाट बोर्डापुढे टाकला, त्यावर चढली आणि मेन स्विचचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

माळा गेल्या. माइक गेला. वरच्या मजल्यांपर्यंत चाळ एकदम विझली. समई तेवढी जळत राहिली, तिचा वीज कंपनीशी काही संबंध नव्हता. तिच्या उजेडात आकांक्षाचा हात कठड्यावर टेकलेला दिसला, नुसता पितळावर टेकलेला, शांत.

वरून कुणीतरी म्हणालं, आईने दिवे घालवले. दोन्ही गॅलऱ्यांत हात जोडले गेले.

"आईने नाही, मी घालवले," कालिंदी पाटावरूनच म्हणाली. दांडा तिने सोडला नव्हता.

रघुवीरभाऊ विनामाइकचे एकदम लहान वाटले. त्यांनी विचारलं, वहिनी, हे काय चाललंय, विधी अर्धवट राहिला. पद्मजाला तर भीतीने दुसरं काही सुचेना. मधली जागा भरून काढावी म्हणून तिने गंगुबाईचाच प्रश्न उचलला आणि कापऱ्या आवाजात नव्या सुनेला विचारला, "लागला मा गो?"

आकांक्षाने हाताकडे बघितलं, मग कालिंदीकडे बघितलं. आजूबाजूच्या चेहऱ्यांकडेही तिची नजर गेली, आणि कालिंदीला ती नजर लांबून ओळखू आली. आता ही हात मागे घेणार. आता ही म्हणणार, लागलं.

"खोटं बोलू नको गो," कालिंदी म्हणाली. "मी बोलले होते. माझ्या लग्नात मला काय्येक लागला नाय. सासूबाई विचारत होत्या, तुम्ही सगळ्या बघत होतात, मी भ्याले आणि लागलं म्हणाले. त्यानंतर मी आईला हात लावला नाही. तिने मला टाकलं असं समजून राहिले. तिने नव्हतं टाकलं. मी या पाटावर उभी होते, आणि या पाटावर कुणालाच लागत नाही. जे तुम्हाला लागतं ते आई नाही, भिंतीतली वायर आहे. मांजर तिने मारलं. आता हिला मारलं असतं. अर्थिंग होईपर्यंत मी इथून उतरणार नाही. हवं तर पूजेचा मान काढून घ्या."

समईची वात तडतडली. आकांक्षा ताटातून बाहेर आली आणि लाल पावलं उमटवत कालिंदीच्या पाटाशी येऊन उभी राहिली. शंतनूने खिशातून फोन काढला आणि दबक्या आवाजात हितेंद्रला बोलावलं. रघुवीरभाऊ कौलाचं काहीतरी म्हणत होते, पण पंखाही बंद होता आणि त्यांना घाम फुटला होता.

बायकांच्या घोळक्यात चुळबुळ झाली. कुणी पदर सावरला, कुणी खाली बघितलं. मग पद्मजा पुढे आली. तिने पाटाच्या पितळी फुल्यांकडे बघितलं, बोटाने एका फुलीवरची धूळ पुसली आणि देवीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

"माका पण नाय लागला होता गो, कालिंदी. खांद्यापर्यंत काय, बोटापर्यंत पण नाय."